उत्तर कोण देते आहे? वेब सेवेच्या कॉन्फिगरेशनमधील चुका शोधताना

ठाण्यातील घोडबंदर रस्त्यावरच्या एखाद्या गृहनिर्माण संस्थेने देखभाल बिले, पावत्या आणि सूचना यांसाठी स्वतःची लहानशी वेब सेवा उभी केली आहे, असे धरून चालू. सर्व्हर भाड्याचा आणि मुंबई विभागातील आहे. त्यावर उबुंटू ही लिनक्स प्रणाली आहे, दाराशी विनंत्या आत पाठवणारा एंजिनएक्स हा वेब सर्व्हर आहे, त्याच्या मागे ३००० क्रमांकाच्या पोर्टवर (यंत्राच्या क्रमांकित दारावर) अ‍ॅप्लिकेशन चालते आणि सर्वांत आत मायएसक्यूएलचा डेटाबेस आहे. बिले निघण्याच्या दिवशीच सेवा उघडेनाशी होते आणि समितीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर ‘साइट बंद आहे’ एवढाच निरोप येतो. या निरोपातून काहीही कळत नाही. म्हणून दुरुस्तीचे पहिले काम म्हणजे सभासदाकडून पडद्यावरील संदेशाचे छायाचित्र मागवणे आणि तो मोबाइल डेटावर होता की घरच्या वायफायवर, हे विचारणे.

ब्राउझरमधून निघालेली विनंती डीएनएस (नावावरून पत्ता शोधणारी यंत्रणा), फायरवॉल (ये-जा रोखणारी भिंत), एंजिनएक्स, अ‍ॅप्लिकेशन आणि डेटाबेस अशा क्रमाने आत जाते, आणि यांपैकी प्रत्येक टप्प्याची नकार देण्याची तऱ्हा निराळी असते. ती ओळखता आली, तर कोणती फाइल उघडायची हे बहुतेक वेळा आधीच ठरते. ती न ओळखता जो सर्व्हरवर शिरतो, तो एंजिनएक्सची फाइल बदलतो, अ‍ॅप्लिकेशन पुन्हा सुरू करतो, फायरवॉल बंद करतो आणि तासाभराने मूळच्या एका चुकीच्या जागी चार चुका घेऊन बसतो.

नकाराच्या तऱ्हा

नावाचा पत्ताच सापडत नाही, असे ब्राउझर सांगत असेल, तर विनंती तुमच्या सर्व्हरपर्यंत पोहोचलेलीच नाही आणि शोध डीएनएसमध्ये घ्यावयाचा आहे. बराच वेळ चक्र फिरून ‘टाइम्ड आउट’ आले, तर पाठवलेली पाकिटे वाटेत कोणीतरी गिळत आहे. असे करणारी बहुधा फायरवॉल असते, नाहीतर डीएनएसमध्ये भलताच आयपी पत्ता लिहिलेला असतो. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ हा संदेश मात्र तत्काळ येतो आणि त्याचा अर्थ बहुतेक वेळा आशादायक असतो: यंत्र जागे आहे, तिथपर्यंत वाट आहे, फक्त त्या पोर्टवर ऐकणारे कोणी नाही. या दोन संदेशांतला फरक नीट लक्षात ठेवला, तर निम्मा वेळ वाचतो.

५०२ हा आकडा दिसला की एंजिनएक्स ठणठणीत आहे हे गृहीत धरावे, कारण तो आकडा दाखवणारा तोच आहे. त्याला मागच्या अ‍ॅप्लिकेशनकडून धड उत्तर मिळालेले नाही. ५०४ म्हणजे अ‍ॅप्लिकेशनकडून ठरलेल्या वेळात उत्तर आले नाही. ५०० बहुतेक वेळा अ‍ॅप्लिकेशनचे स्वतःचे असते आणि त्याचा खुलासा अ‍ॅप्लिकेशनच्या नोंदींतच मिळतो. ४०४ फसवा आहे, कारण तो दोघेही देऊ शकतात. पांढऱ्या पानावर खाली एंजिनएक्सचे नाव असलेला कोरडा ४०४ दिसला, तर विनंती अ‍ॅप्लिकेशनकडे गेलीच नाही. संस्थेचे बोधचिन्ह असलेला ४०४ दिसला, तर ती पोहोचली, पण तो पत्ता अ‍ॅप्लिकेशनला ओळखीचा नाही.

आतून बाहेर, तीन ठिकाणी विचारणा

संदेश वाचल्यानंतर सर्व्हरवर जावे आणि कर्ल या, वेब पत्त्याला विनंती पाठवणाऱ्या आदेशाने तीन ठिकाणी विचारणा करावी. पहिली विचारणा सर्व्हरवरूनच थेट १२७.०.०.१ या, यंत्राच्या स्वतःच्याच पत्त्यावर, ३००० पोर्टला. दुसरीही सर्व्हरवरूनच, पण आपले डोमेन नाव सांगून एंजिनएक्सला. कर्लच्या ‘रिझॉल्व्ह’ या पर्यायाने डीएनएसला वळसा घालून ती करता येते. तिसरी बाहेरून, शक्यतो मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून. पहिली विचारणा फसली तर अ‍ॅप्लिकेशन पाहा, पहिली यशस्वी होऊन दुसरी फसली तर एंजिनएक्स पाहा, आणि दोन्ही यशस्वी होऊन तिसरीच फसली तर फायरवॉल व डीएनएस यांच्याकडे वळा. हे पाच मिनिटांचे काम टाळून थेट फाइली उघडण्याचा मोह आवरावा.

ऐरोली, रबाळे आणि महापे या पट्ट्यात मोठी डेटा सेंटर आहेत, त्यामुळे ठाण्यातून मुंबई विभागातील सर्व्हरला पिंग केल्यास (लहान पाकीट पाठवून उत्तराचा वेळ मोजल्यास) उत्तर सहसा काही मिलिसेकंदांत येते. तेच उत्तर २०० मिलिसेकंदांच्या आसपास येऊ लागले, तर डोमेन अजून अमेरिकेतल्या जुन्या सर्व्हरकडे बोट दाखवत असण्याची शक्यता तपासावी. हा पुरावा नव्हे, पण इशारा म्हणून उपयोगी आहे. मात्र अनेक सर्व्हरवर पिंगला उत्तर देणेच बंद केलेले असते, म्हणून उत्तर न आल्यास सर्व्हर बंद आहे असा निष्कर्ष काढू नये.

डीएनएस आणि पत्ता

डिग या आदेशाने डोमेनचा पत्ता विचारताना एकाच ठिकाणी विचारून थांबू नये. १.१.१.१ आणि ८.८.८.८ या सार्वजनिक सर्व्हरना विचारावे आणि डोमेनच्या अधिकृत नेमसर्व्हरलाही विचारावे. अधिकृत उत्तर बरोबर आणि इतरांचे जुने असेल, तर चूक नाही, फक्त टीटीएलची, म्हणजे जुने उत्तर साठवून ठेवण्याची, मुदत संपायची आहे. ३६०० सेकंदांचा टीटीएल म्हणजे एक तास. सर्व्हर बदलायचा असेल, तर आदल्या दिवशी टीटीएल ३०० वर आणून ठेवावा.

मोबाइलवर जुने पान आणि घरच्या वायफायवर नवे पान, अशी तक्रार आली तर जवळपास नेहमी एकाच जागी पाहावे लागते. सर्व्हर बदलताना आयपीव्ही४चा ‘ए’ रेकॉर्ड बदलला जातो, पण आयपीव्ही६चा ‘एएएए’ रेकॉर्ड जुन्याच यंत्राकडे राहतो. भारतातील मोबाइल जाळ्यांवर, विशेषतः जिओवर, आयपीव्ही६चा वापर मोठा आहे. त्यामुळे असे सभासद जुन्या सर्व्हरवर पोहोचतात आणि तो अजून चालू असला, तर त्यांना जुनी बिलेही दिसतात. आयपीव्ही६ वापरायचे नसेल, तर तो रेकॉर्ड काढून टाकावा. याउलट फक्त बनवणाऱ्याच्या लॅपटॉपवर सारे सुरळीत चालत असेल, तर त्याच्या होस्ट्स फाइलमध्ये (त्या यंत्रापुरते नाव-पत्ते लिहिलेल्या) चाचणीच्या वेळची ओळ राहिली आहे का, हे पाहावे.

काही संस्था भाडे वाचवण्यासाठी सोसायटीच्या कार्यालयातील संगणकावरच सेवा चालवतात. अशा वेळी राउटरवर दिसणारा बाहेरचा पत्ता १००.६४.०.० ते १००.१२७.२५५.२५५ या पट्ट्यात असेल, तर ती जोडणी सीजीनॅटच्या (अनेक ग्राहकांना एकच सार्वजनिक पत्ता वाटून देण्याच्या पद्धतीच्या) आड आहे आणि राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग कितीही केले, तरी बाहेरून कोणी आत येऊ शकणार नाही. स्थिर सार्वजनिक आयपी विकत घेणे किंवा टनेल वापरणे, एवढेच मार्ग उरतात. माझ्या मते लहान भाड्याचा सर्व्हर घेणे अधिक शहाणपणाचे आहे.

कोण कोणत्या दारावर ऐकते

‘एसएस’ या आदेशाने कोणता कार्यक्रम कोणत्या पत्त्यावर आणि पोर्टवर ऐकत आहे, ते दिसते. अ‍ॅप्लिकेशन १२७.०.०.१ वर ऐकत असेल आणि एंजिनएक्स त्याच यंत्रावर असेल, तर ही मांडणी योग्य आणि सुरक्षित आहे. मात्र अ‍ॅप्लिकेशन डॉकरच्या कंटेनरमध्ये (यंत्रातील वेगळ्या बंदिस्त कप्प्यात) असेल, तर कंटेनरचा १२७.०.०.१ हा त्याचा स्वतःचाच असतो, सर्व्हरचा नव्हे; तिथे अ‍ॅप्लिकेशनला ०.०.०.० वर, म्हणजे सर्व पत्त्यांवर, ऐकायला लावावे लागते आणि डेटाबेस वेगळ्या कंटेनरमध्ये असेल, तर ‘लोकलहोस्ट’ऐवजी त्या कंटेनरच्या सेवेचे नाव लिहावे लागते. डॉकरशिवाय चालणारी गोष्ट डॉकरमध्ये गेल्यावर ५०२ देऊ लागली, तर प्रथम हेच तपासावे.

फायरवॉल बहुधा एक नसून दोन असतात. क्लाउड पुरवठादाराच्या पॅनेलवरील नियम वेगळे आणि उबुंटूमधील यूएफडब्ल्यूचे नियम वेगळे. ८० (एचटीटीपी) आणि ४४३ (एचटीटीपीएस) ही दारे दोन्हीकडे उघडावी लागतात. याची उलट बाजू अधिक धोक्याची आहे: डॉकरने बाहेर काढलेले पोर्ट यूएफडब्ल्यूचे नियम ओलांडून उघडे राहते. यूएफडब्ल्यूने मायएसक्यूएलचे ३३०६ हे पोर्ट बंद दाखवले म्हणून निर्धास्त राहू नये. डेटाबेसचे पोर्ट कंटेनरबाहेर काढायचेच असेल, तर ते १२७.०.०.१ ला बांधून काढावे.

एंजिनएक्सच्या फाइली

कोणताही बदल केल्यावर एंजिनएक्सला लहान ‘टी’ हा पर्याय देऊन फाइल तपासून घ्यावी आणि मगच रीलोड करावे. चुकीच्या फाइलवर रीलोड केले, तर चालू असलेली जुनी मांडणी तशीच राहते. थांबवून पुन्हा सुरू केले, तर मात्र सेवा पूर्णपणे खाली येते. म्हणून रीस्टार्टपेक्षा रीलोडची सवय लावावी. ही तपासणी फक्त व्याकरणाची असते, अर्थाची नव्हे. पोर्ट ३००० ऐवजी ३००१ लिहिले, तरी ती तक्रार करणार नाही. मोठा ‘टी’ हा पर्याय दिल्यास सर्व फाइली जोडून तयार झालेली प्रत्यक्षातील मांडणी एकत्र छापली जाते. आपण संपादित केलेली फाइल मुळात वाचलीच जात नाही, हे बहुतेक वेळा इथे कळते: ती ‘साइट्स-अव्हेलेबल’मध्ये असते, पण ‘साइट्स-एनेबल्ड’मध्ये तिचा दुवा केलेला नसतो. डोमेन नाव कुठल्याच ब्लॉकशी (फाइलीतील एका साइटच्या मांडणीशी) जुळले नाही, आणि मूलभूत म्हणून कोणताही ब्लॉक नेमलेला नसला, तर एंजिनएक्स त्या पोर्टवरचा पहिला ब्लॉक वापरतो. भलतेच पान दिसण्याचे कारण तेच.

५०२ आला असता त्रुटींच्या नोंदीतील शेवटच्या ओळी वाचाव्यात. त्यात १११ हा क्रमांक असेल, तर अ‍ॅप्लिकेशन त्या पोर्टवर ऐकत नाही. १३ असेल, तर परवानगी नाकारली गेली आहे. युनिक्स सॉकेट (पोर्टऐवजी फाइलमार्गे होणारी जोडणी) वापरत असाल तर त्या फाइलची मालकी पाहावी, आणि रेड हॅटच्या कुळातील प्रणाली असेल तर एसईलिनक्स या सुरक्षा यंत्रणेने एंजिनएक्सला जोडणी करू दिली नसावी.

पावतीचे छायाचित्र चढवताना ४१३ येत असेल, तर एंजिनएक्सची मूळ मर्यादा फक्त १ एमबी आहे, हे ध्यानात घ्यावे. आजच्या मोबाइलचा फोटो त्याहून सहज मोठा असतो. ती वाढवूनही काम झाले नाही आणि मागे पीएचपी असेल, तर तिथे फाइलची मूळ मर्यादा २ एमबी आणि संपूर्ण विनंतीची ८ एमबी असते. साखळीतील सर्वांत लहान मर्यादाच शेवटी लागू पडते. सर्व सभासदांची बिले एका दमात पीडीएफ करताना ५०४ येतो, कारण एंजिनएक्स मागच्या अ‍ॅप्लिकेशनकडून सलग ६० सेकंद काहीच न आल्यास थांबतो. मुदत ३०० सेकंद करून प्रश्न मिटल्यासारखा वाटतो, पण पुढच्या वर्षी सभासद वाढले की तो परत येतो. असे काम पार्श्वभूमीवर चालवावे आणि पूर्ण झाल्यावर दुवा द्यावा.

पान सतत स्वतःकडेच वळत राहते आणि ब्राउझर कंटाळून थांबतो, हा प्रकार क्लाउडफ्लेअर ही मध्यस्थ सेवा समोर असताना वारंवार दिसतो. तिथला एसएसएल प्रकार ‘फ्लेक्सिबल’ असेल, तर क्लाउडफ्लेअर तुमच्या सर्व्हरशी साध्या एचटीटीपीने बोलतो, तुमचा सर्व्हर त्याला एचटीटीपीएसकडे पाठवतो आणि फेरा संपत नाही. सर्व्हरवर प्रमाणपत्र बसवून तो प्रकार ‘फुल स्ट्रिक्ट’ करणे हाच योग्य इलाज आहे.

प्रमाणपत्र

लेट्स एन्क्रिप्ट या मोफत सेवेचे एचटीटीपीएससाठीचे नेहमीचे प्रमाणपत्र ९० दिवसांचे असते आणि सर्टबॉट हा कार्यक्रम ते आपोआप नवे करतो, पण नवी फाइल आली तरी एंजिनएक्स रीलोड होईपर्यंत जुनेच प्रमाणपत्र दाखवत राहतो. म्हणून नूतनीकरणानंतर रीलोड करणारी जोड द्यावी आणि ‘ड्राय-रन’ने ती एकदा पारखून घ्यावी. एचटीटीपी पद्धतीच्या पडताळणीसाठी ८० हे पोर्ट उघडे लागते. सुरक्षिततेच्या नावाखाली ते बंद केले, तर नूतनीकरण गुपचूप थांबते. पडताळणी फसत असताना आदेश पुन्हा पुन्हा चालवू नये, कारण एका नावासाठी तासाला ५ अपयशांनंतर वाट पाहावी लागते. प्रयोगांसाठी त्यांची स्वतंत्र चाचणी यंत्रणा आहे. ब्राउझरमध्ये सारे ठीक, पण मोबाइल अ‍ॅप किंवा कर्ल तक्रार करते, असे असेल तर ‘फुलचेन’ऐवजी एकटे प्रमाणपत्र दिले गेले आहे आणि मधली साखळी गायब आहे.

वातावरणातील किंमती

हाताने चालवले तर चालते, सेवा म्हणून सुरू केले तर पडते, अशा वेळी दोन वातावरणांतील फरक शोधावा. सिस्टमडी हा सेवा सुरू करणारा लिनक्सचा कार्यक्रम तुमची बॅशची (आदेश-खिडकीची) फाइल वाचत नाही, त्यामुळे तिथे लिहिलेले पासवर्ड आणि पाथ त्याला ठाऊक नसतात. ते ‘एन्व्हायर्नमेंट-फाइल’ म्हणून युनिट फाइलमध्ये स्वतंत्रपणे सांगावे लागतात. युनिट फाइल बदलल्यावर ‘डेमन-रीलोड’ केल्याशिवाय बदल लागू होत नाही. पुन्हा पुन्हा पडणारी सेवा मूळ मांडणीत १० सेकंदांत ५ वेळा सुरू करून झाल्यावर सिस्टमडी तिचा नाद सोडतो; तेव्हा जर्नलसीटीएल या नोंदी दाखवणाऱ्या आदेशातील शेवटचा ‘फार लवकर पुन्हा सुरू’ हा संदेश कारण नव्हे, त्याच्या वरच्या ओळी वाचाव्यात. वागळे इस्टेटमधील एखाद्या कार्यालयात वीज गेल्यानंतर सर्व्हर उठतो, पण सेवा उठत नाही, तेव्हा ती ‘स्टार्ट’ केलेली असते, ‘एनेबल’ (यंत्र उठताच आपोआप सुरू होण्यासाठी) केलेली नसते.

डोळ्यांना न दिसणाऱ्या चुका सर्वांत जास्त छळतात. विंडोजवर जतन केलेल्या फाइलीत ओळीच्या शेवटी एक जादा चिन्ह येते आणि पासवर्ड बरोबर असूनही चूक ठरतो. व्हॉट्सअ‍ॅप किंवा वर्डमधून चिकटवलेल्या ओळींत सरळ अवतरणचिन्हांच्या जागी वळणदार चिन्हे येतात आणि दोन जोड-रेघांची एकच लांब रेघ होते. मराठी कीबोर्ड चालू राहिल्याने पोर्टचा आकडा देवनागरीत टंकला जाण्याचा प्रकार तर खास आपलाच. यामल या मांडणी लिहिण्याच्या प्रकारातील फाइलीत टॅब चालत नाही, रिकाम्या जागाच लागतात. कॅट या आदेशाला मोठा ‘ए’ हा पर्याय दिल्यास अशी बहुतेक दडलेली चिन्हे उघडी पडतात.

मराठी अक्षरे आणि भारतीय वेळ

सभासदांच्या नावांऐवजी प्रश्नचिन्हांची रांग दिसणे आणि लॅटिन अक्षरांची व चिन्हांची खिचडी दिसणे, हे दोन वेगळे आजार आहेत. प्रश्नचिन्हे डेटाबेसमध्येच साठवली गेली असतील, तर मूळ अक्षरे नष्ट झाली आहेत आणि बॅकअपशिवाय ती परत मिळणार नाहीत. नवी नोंद थांबवून आधी कारण शोधावे. खिचडी दिसत असेल, तर बाइट बहुधा शाबूत असतात आणि वाचणारा चुकीची लिपीसंहिता धरून वाचत असतो. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेते, म्हणून मायएसक्यूएलच्या जुन्या तीन-बाइटी ‘यूटीएफ८’मध्येही मराठी बसते, आणि नेमके त्यामुळेच त्रुटी उशिरा कळते: कोणी सूचनेत ४ बाइटांचे इमोजी टाकले की नोंद नाकारली जाते. तक्ता, स्तंभ आणि जोडणी अशा तिन्ही ठिकाणी ‘यूटीएफ८एमबी४’ ठेवावे. मायएसक्यूएल ८.० पासून नव्या डेटाबेससाठी तीच मूळ निवड आहे, पण जुने तक्ते आपोआप बदलत नाहीत.

भाड्याचे सर्व्हर सहसा यूटीसी वेळेवर चालतात आणि आपली वेळ त्यापुढे साडेपाच तास आहे. क्रॉन या वेळापत्रक पाळणाऱ्या कार्यक्रमात सकाळी ९ लिहिले, तर आठवणपत्रे दुपारी अडीचला जातात, हे लगेच ध्यानात येते. न ध्यानात येणारी गोष्ट अशी की, १ एप्रिलच्या रात्री एक वाजता भरलेल्या रकमेवर यूटीसीप्रमाणे ३१ मार्चची तारीख पडते आणि पावती मागच्या आर्थिक वर्षात जाते. साठवणूक यूटीसीत ठेवावी, परंतु तारीख छापताना आणि वर्ष ठरवताना ‘एशिया/कोलकाता’ हा वेळपट्टा स्पष्टपणे वापरावा. नोंदी वाचतानाही हा फरक मनात धरावा, नाहीतर सभासदाने सांगितलेल्या वेळेची ओळ नोंदीत सापडतच नाही.

दुरुस्ती झाल्यावर

तपासणीच्या वेळी एका खेपेस एकच बदल करावा आणि त्याआधी फाइलची प्रत काढावी. सर्व फाइली गिट या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या साधनात असतील तर उत्तम, मात्र पासवर्डांची फाइल त्यात जाता कामा नये. सेवा सुरू झाली की लोक लॅपटॉप बंद करतात, आणि घाईत सैल केलेल्या गोष्टी तशाच राहतात. फोल्डरला दिलेली ७७७ ही, सर्वांना सारे खुले करणारी परवानगी, बंद केलेली फायरवॉल, ०.०.०.० वर उघडलेला डेटाबेस आणि पासवर्डासह त्रुटी पानावर छापणारी डिबग अवस्था, यांपैकी काय काय केले होते ते आठवून प्रत्येक बदल मागे घ्यावा आणि मग तिन्ही विचारणा पुन्हा कराव्यात. मदत मागताना कोणी कॉन्फिगरेशनची फाइल गटावर टाकली असेल, तर नुसता संदेश पुसून भागत नाही. डेटाबेसचा पासवर्ड त्याच दिवशी बदलावा, तो एन्व्हायर्नमेंट फाइलमध्ये नव्याने लिहावा आणि अ‍ॅप्लिकेशन पुन्हा सुरू करून एक पावती काढून पाहावी.